तू स्वतःला काय म्हणून हाक मारतोस?

कुठलीही भाषा शिकायला बसा, पहिला धडा नावाचाच असतो. मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि आमच्याकडून वरच्या पट्टीत घोकून घेतलं : कोमो ते यामास? तुझं नाव काय? उत्तर द्यायचं : मे यामो अमुकतमुक. मग दोघांनी एकमेकांना म्हणायचं : मुचो गुस्तो. भेटून आनंद झाला.

क्लासात वीसेक पोरं-पोरी. काहींना शिकायला बार्सेलोनाला जायचंय. काही माझ्यासारखी. ऑफिसात स्पॅनिश येणाऱ्याला पगार जादा मिळतो, एवढंच आमचं स्पेनवर प्रेम. दिवसभर कानाला हेडफोन लावून एका गोऱ्याच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी सात ते नऊ दुसऱ्या गोऱ्याची भाषा घोकायची. चालायचंच. पोट आहे.

तर मॅडम म्हणाल्या, या वाक्यात 'नाव' हा शब्दच नाही बरं का. यामार म्हणजे हाक मारणं. ते म्हणजे स्वतःला. कोमो म्हणजे कसं. तू स्वतःला काय म्हणून हाक मारतोस, हा त्याचा सरळ अर्थ.

मी पेन खाली ठेवलं.

दोस्तांनो, आपल्या बापजाद्यांना हा प्रश्न कुणी कधी विचारला होता? गावानं हाक मारायची आणि आपण धावत जायचं. ए धोंड्या. ए कचऱ्या. ए म्हाराच्या. शूद्राचं नाव ऐकताच तिरस्कार वाटावा असं ठेवा, हा तर मनूचा कायदाच. म्हणजे हाक मारण्याचा हक्क त्यांचा, ओ देण्याचं कर्तव्य आपलं. आणि इथं एक अख्खी भाषा दाराशी आलेल्या परक्या माणसाला विचारते, बाबा रे, तू स्वतःला काय म्हणतोस? तू म्हणशील ते आम्ही म्हणू. च्यायला, मला तर भरूनच आलं. वाटलं, हीच ती भाषा. हिच्यात जात विचारायची सोयच नाही.

पंधरा मिनिटं टिकलं हे. पुढचा शब्द आला : आपेयीदो. आडनाव. शेजाऱ्याला विचारा, वहीत लिहून घ्या. माझ्या शेजारच्यानं विचारलं, कुआल एस तु आपेयीदो? मी सांगितलं. (इथं लिहीत नाही. आडनाव वाचून माणूस जोखायची खोड तुम्हालाही आहे, उगाच नाकारू नका.) तो मुचो गुस्तो म्हणाला. क्लास सुटल्यावर टपरीवर चहा घेताना त्यानं मराठीत विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी जिल्हा सांगितला. "नाही, म्हणजे गाव कुठलं? गावात कुठं?" गावात कुठं! पुढच्या सोमवारी तो खिडकीजवळच्या बाकावर गेला. तिकडं वारा चांगला येतो म्हणे.

म्हणून ठरवलं, ही भाषा नुसती व्याकरणातून शिकायची नाही. हिला तिचा इतिहास विचारायचा. बाई, तू लोकांना स्वतःच्या हाकेचा हक्क खरंच दिलास की फक्त क्रियापदापुरता दिलास?

आणि इतिहास वाचायला लागलो तर काय दिसावं? चहाच्या टपरीवरचा तो प्रश्न स्पेनच्या खेड्यापाड्यांतही आहे. नवखं पोरगं दिसलं की म्हातारी माणसं नाव विचारत बसत नाहीत. विचारतात, इ तू, दे किएन एरेस? आणि तू, कुणाचा रे? घराणं सांग, बाप सांग, घराण्याला गावानं पाडलेलं टोपणनाव सांग. मग कळेल तू कोण. आता खेड्यात हे मायेनंही विचारतात, मी नाही म्हणत नाही. पण माया करायची की दार लावायचं हे उत्तर ऐकल्यावर ठरतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आदरानं नाव विचारायचं तर 'ते' जातं, 'उस्तेद' येतं. कोमो से यामा उस्तेद? हा उस्तेद म्हणजे मूळचा 'बुएस्त्रा मेर्सेद'. आपली कृपा. झिजत झिजत त्याचा उस्तेद झाला. म्हणजे आपल्याकडं मालकाला सरकार म्हणायचे, मायबाप म्हणायचे, तसलाच प्रकार. आज तो शब्द गुळगुळीत झालाय. कोलंबियात कित्येक घरांत मित्रमित्र, नवराबायकोसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणतात. शब्दांचं असं होतं. पायरीवरून सुरू होतात आणि कधीकधी सपाटीला येतात. कधीकधी.

मेक्सिकोत जुन्या वळणाची माणसं नाव सांगताना एक शेपूट जोडतात : अमुक अमुक, पारा सेर्बिर्ले. आपल्या सेवेसाठी. नाव सांगतानाच कमरेत वाकायचं. मला आजा आठवला. आजा वाड्यासमोर उभा राहायचा तेव्हा आधी तोंडातून जोहार यायचा, नाव नंतर. कधीकधी नावाची पाळी यायचीच नाही. ते जोहार आपण फेकून दिलं. त्या जागी जयभीम आणलं. मेक्सिकोतला शिष्टाचार जाणणारा कुणी म्हणेल की ही नुसती सभ्यता आहे, त्यात गुलामी शोधू नका. बरं बाबा. मग सांग, हवेलीचा मालक आपल्या मोलकरणीला स्वतःचं नाव सांगताना 'तुझ्या सेवेसाठी' म्हणतो का?

'दोन' आणि 'दोन्या' यांचंही तसंच. नावाआधी दोन लावायचा मान एके काळी खानदानी लोकांचा. खानदानी म्हणजे इदाल्गो. आणि इदाल्गो म्हणजे 'इखो दे आल्गो', कशाचातरी मुलगा. ज्याच्या बापाकडं काहीतरी आहे असा. बाकीचे सगळे कशाचेच मुलगे नाहीत! सेर्व्हांतेसचा तो म्हातारा सरदार स्वतःच स्वतःला दोन किखोते म्हणवून घेतो. १६१५ च्या दुसऱ्या भागात सांचो त्याला येऊन सांगतो की गावातले इदाल्गो कुरकुरताहेत. चार वेलींचा मळा आणि अंगावर फाटक्या चिंध्या, आणि हा दोन कधीपासून झाला? लोक याला वेडा म्हणून हसतात. मला तो याच एका कारणासाठी आवडतो. त्यानं परवानगी मागितली नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. आपल्या दाखल्यावर इंग्रजीत जो शब्द छापलेला असतो, कास्ट, तो इंग्रजांचा नाही. तो 'कास्ता' आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांचा. वंश, पैदास, जनावराचं वाण, या अर्थाचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथं उतरले, आपली चार वर्णांची उतरंड पाहिली आणि त्यांच्याकडचा शब्द तिला चिकटवला. त्यांना शब्द शोधावा लागला नाही. घरून घेऊनच आले होते. स्पॅनिश मंडळींनी तोच शब्द अमेरिका खंडात नेला. तिथं गोऱ्या बापाचं आणि इंडियन आईचं मूल मेस्तिसो, गोऱ्याचं आणि काळीचं मूल मुलातो, आणि पुढं त्यांच्या मुलांचे मुलगे. अठराव्या शतकात मेक्सिकोत याची चित्रंच रंगवली. एकेका चौकटीत आई, बाप, पोर आणि खाली पोराच्या जातीचं नाव. चर्चच्या नोंदवह्या वेगळ्या. गोऱ्यांचा बाप्तिस्मा एका वहीत, कास्तांचा दुसऱ्या. देव एकच म्हणे. वह्या दोन.

ही अक्कल त्यांना अमेरिकेत जाऊन सुचलेली नव्हती. १४४९ साली, कोलंबस जन्मायला एखाददुसरं वर्ष असताना, तोलेदो शहरानं एक ठराव केला. ज्यांचे पूर्वज ज्यू होते त्या ख्रिश्चनांना नगरातली अधिकारपदं बंद. ऐका नीट. ज्यूंना नव्हे. बाप्तिस्मा घेतलेल्या, चर्चला जाणाऱ्या, ख्रिश्चन नाव लावणाऱ्या ख्रिश्चनांना. याला म्हणायचे लिंपिएसा दे सांग्रे, रक्ताची शुद्धता. पुढं कॉलेजं, मोठी चर्चेस, सरदारांचे संघ, सगळीकडं तोच नियम पसरला. जागा पाहिजे? पूर्वजांची यादी आणा. धर्म बदललेल्यांना त्यांनी नाव ठेवलं 'क्रिस्तियानो नुएवो'. नवा ख्रिश्चन.

ओळखीचं वाटतंय? आम्ही १९५६ ला बुद्धाकडं गेलो. आज आमची तिसरी-चौथी पिढी. तरी वर्तमानपत्रात, फॉर्मवर, मास्तरच्या तोंडी आम्ही नवबौद्धच. तो 'नव' किती पिढ्यांनी गळतो हे एकदा कुणीतरी सांगा. स्पेनमध्ये रक्ताचे दाखले कायद्यानं रद्द व्हायला १८६५ उजाडलं. चारशे सोळा वर्षं.

आणि आडनावाचं काय करायचे ते पाहा. धर्मन्यायालयानं ज्याला दोषी ठरवलं त्याला पिवळा झगा घालायचे, सांबेनितो. माणूस मेला तरी झगा मरायचा नाही. त्याच्या गावच्या चर्चमध्ये तो टांगायचा, त्यावर नाव आणि गुन्हा लिहायचा, कापड कुजलं की नवं टांगायचं. नातू-पणतू दर रविवारी प्रार्थनेला येणार आणि वर स्वतःचं आडनाव लोंबकळताना बघणार. आडनाव म्हणजे काय, हे मला कुठल्याही समाजशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्या फडक्यानं जास्त समजावलं.

म्हणून जी मंडळी म्हणतात, आडनाव बदला, प्रश्न मिटला, त्यांनी जरा गोव्याकडं बघावं. पोर्तुगिजांनी बाटवलं, फर्नांडिस, डिसोझा, परेरा अशी आडनावं दिली. जुनं आडनाव गेलं, देव गेला, कपडे गेले. जात? ती आहे तिथंच. बामण, चारडो, सुदीर. ख्रिश्चनांत! आडनावाला चकवा देता येतो म्हणून ती दुसऱ्या वाटेनं आली. लग्न जुळवताना आली.

जात विकत घ्यायचीही सोय होती. १७९५ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या राजानं अमेरिकेतल्या वसाहतींसाठी एक दरपत्रकच काढलं, 'ग्रासियास आल साकार'. त्यात कसकसल्या राजेशाही मेहेरबान्यांचे भाव. पार्दो असण्यातून, म्हणजे काळ्या रक्तातून, सूट पाहिजे : ५०० रेआल. किंतेरोन असशील, म्हणजे गोरेपणाच्या जवळ आलेला : ८००. ज्याला कमी अंतर तोडायचंय त्याला जास्त भाव. हिशेब समजला का? दाराजवळ आलेल्याला दार महाग. फार थोड्यांनी अर्ज केले, पण काराकासच्या गोऱ्या नगरसभेनं लगेच बोंब ठोकली, की महाराज, हे काय चालवलंत, उद्या हे आमच्या पंगतीला बसतील. राखीव जागांच्या विरोधातले मोर्चे पाहिलेल्या माणसाला तो तक्रारअर्ज नव्यानं वाचायची गरजच नाही.

स्वातंत्र्य आल्यावर मेक्सिकोनं एक गोष्ट केली. १८२२ च्या सप्टेंबरात हुकूम काढला. यापुढं नोंदवहीत, कागदपत्रात कुणाचीही कास्ता लिहायची नाही. सगळे नागरिक. मी वाचलं आणि टाळी वाजवणार होतो. मग कळलं, रस्त्यावर 'इंदियो' ही शिवी चालूच राहिली. आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची मेक्सिकन लेकरं हिशेबातूनच गायब झाली. जनगणनेनं त्यांना थेट विचारलं ते २०२० साली. पंचवीस लाखांवर माणसं निघाली. दोनशे वर्षं ही माणसं होती कुठं? होती, फक्त रकाना नव्हता. आपल्याकडं २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं जनगणनेत सगळ्या जाती मोजायचं ठरवलं तेव्हा काही सुशिक्षितांना एकदम जातिअंताची आठवण झाली. जात लिहू नका, वाढेल म्हणाले. त्यांना हा मेक्सिकोचा कागद दाखवावा. रकाना काढून टाकणं सोपं असतं. टपरीवरचा प्रश्न काढून टाका की.

थोडं सक्तीच्या नावांबद्दल. ग्रानादात मुसलमानांना बाटवून मोरिस्को केलं. १५६७ ला दुसऱ्या फिलिपचं फर्मान आलं : अरबी बोलायचं नाही, अरबी कपडे नाहीत, अरबी नाव नाही. पुढच्याच वर्षाच्या शेवटी आल्पुखारासच्या डोंगरात बंड पेटलं. बंडाच्या म्होरक्याचं बाप्तिस्म्याचं नाव फेर्नांदो. डोंगरात गेल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं असेल? नाव फेकलं. आबेन उमेया झाला. वर्षभरात त्याच्याच माणसांनी त्याला मारलं, बंडही मोडलं, आणि १६०९ पासून पाच वर्षांत मोरिस्कोंना देशाबाहेर हाकललं. पण इतिहासात तो फेर्नांदो नाही, आबेन उमेया आहे.

फिलिपाइन्सची गोष्ट तर ऐकून हसावं की रडावं कळत नाही. १८४९ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर क्लावेरियानं आडनावांची यादी छापली. हजारो आडनावं, अकारविल्हे. लोकांना धड आडनाव नाही, सगळेच दे ला क्रुस आणि दे लोस सांतोस, मग कर कसा वसूल करायचा? यादीची पानं गावोगाव पाठवली. या गावाला हे पान, त्या गावाला ते. कुटुंबप्रमुखानं पानावरचं एक उचलायचं. परिणाम असा, की काही गावांत सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरापासून. रेशनवर गहू वाटावा तसं आडनाव वाटलं.

आणि याच वाटपातून एक गंमत झाली. मेर्कादो नावाच्या एका घरानं 'रिसाल' हे जादा आडनाव घेतलं. १८७२ ला धाकटा मुलगा मनिलाला शाळेत गेला तेव्हा थोरल्या भावानं त्याला सांगितलं, मेर्कादो लावू नकोस. कारण सरकारनं देहदंड दिलेल्या एका पाद्र्याशी थोरल्याचा संबंध होता, मेर्कादो हे आडनाव पोलिसांच्या डोळ्यांवर आलं होतं. म्हणजे रिसाल हे लपायचं आडनाव. तो पोरगा म्हणजे होसे रिसाल. १८९६ च्या ३० डिसेंबरला स्पॅनिश बंदुकांनी त्याला मारलं तोवर ते लपायचं आडनाव सगळ्या बेटांवर घोषणा झालं होतं.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्यात सध्या एक भांडण चालू आहे. कुणी आडनाव टाकून नुसतं बापाचं नाव लावतो, कुणी गावाच्या नावाला 'कर' जोडून घेतो, आणि दुसरे त्याला म्हणतात पळपुटा. मी त्या भांडणात पळपुटा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा होतो. आता नाही. भाड्याच्या खोलीसाठी वणवण करणाऱ्याला, मुलाखतीत आडनावापाशी अडणाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. रिसालच्या भावानं काय केलं? धाकट्याला वाचवलं. प्रश्न नाव लपवलं की नाही हा नाही. लपून काय केलं हा आहे. नव्या आडनावाआडून भावाबहिणींना विसरलास, वस्तीतल्या लग्नाला यायची लाज वाटायला लागली, तर तू ८०० रेआल भरलेस, बस्स. पावती जपून ठेव.

उलटी बाजूही आहे. कोलंबियात, कौका प्रांतात, काळ्यांची आडनावं बघा : लुकुमी, काराबाली, मिना. गुलामांच्या सौदागरांनी माल कुठून उचलला याचे हे शिक्के. मिना म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला सोन्याचा किनारा, जिथं पोर्तुगिजांचा किल्ला होता. पोत्यावर गिरणीचं नाव छापतात तसं माणसावर छापलं. ते आडनाव या लोकांनी पुसलं नाही. २०२२ ला त्या देशाची उपाध्यक्ष म्हणून एका काळ्या बाईनं शपथ घेतली. कधी काळी धुणीभांडी केलेली, खाणवाल्यांशी लढलेली. तिचं पूर्ण नाव फ्रान्सिया एलेना मार्केस मिना. शपथेच्या कागदावर पोत्याचा शिक्का! हेही करता येतं.

हे 'मिना' तिच्या आईकडचं. स्पॅनिश नावाला आडनावं दोन, आधी बापाचं, मग आईचं. आणि बाई लग्न झालं म्हणून आडनाव बदलत नाही. मरेपर्यंत तिचं तेच. आपल्याकडचे पुरोगामी हे ऐकून लगेच विरघळतात, तर थांबा. आईचं आडनाव म्हणजे आईच्या बापाचं आडनाव. पुढच्या पिढीत ते गळतं. आणि बापाचं पहिलं हा स्पेनमध्ये कायदाच होता. १९९९ ला आईबापांना क्रम निवडायची मुभा मिळाली. न बोललं तर बापाचंच पहिलं, ही गोष्ट जायला २०१७ यावं लागलं. तरीपण. एका ओळीत आईला जागा तर आहे. आमच्या महाराष्ट्रात सरकारी कागदावर मुलाच्या नावापुढं आईचं नाव सक्तीचं झालं ते १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी. मी त्याच्या कितीतरी आधीचा.

क्लासात गृहपाठ होता. स्पॅनिश पद्धतीनं आपलं पूर्ण नाव लिहून आणा. पहिलं आडनाव बापाचं, दुसरं आईचं. मी वही उघडली आणि बसून राहिलो. मला आईचं माहेरचं आडनाव माहीत नव्हतं. मामाला आम्ही मामाच म्हणतो. मामाचं आडनाव कधी लागलंच नाही. मी, बाबासाहेबांच्या जयंतीला अस्मितेवर दणकून भाषण ठोकणारा.

आईला फोन केला. "कशाला पाहिजे तुला?" ती म्हणाली. "कुठं दाखल्यात चूक निघाली का?" तिला वाटलं ऑफिसातून काही लचांड आलं. मी म्हटलं, नाही गं, असंच, शिकतोय त्यात विचारलंय. मग तिनं आडनाव सांगितलं. सांगून थोडी थांबली आणि म्हणाली, "आन् नाव नको का?"

"नाव माहितीये की."

"ते लग्नातलं. तुज्या आजीनं ठेवलेलं. ताटात तांदूळ पसरून लिवलं व्हतं. माहेरी मला येगळं म्हणायचे."

चाळीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. बापाला होतं का, ते विचारायला बाप उरला नाही. तिनं ते नाव सांगितलं. फार हळू. शेजारीण ऐकेल म्हणून की काय. तिला त्या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस उरलंय, तिची थोरली बहीण, आणि तिला ऐकू येत नाही.

आपण गावाच्या हाकेविरुद्ध उठलो. बरोबर केलं. पण आपल्याच घरात तांदळाच्या ताटात बाईचं नाव मिटवलं, ते कुणाच्या सांगण्यावरून? तिथं कुठला वाडा होता? तिथं आपणच होतो. चळवळीतल्या किती जणांनी आपल्या आईला, बायकोला एकदा तरी विचारलंय, बाई, तू स्वतःला काय म्हणून हाक मारतेस? विचारा. आणि उत्तर आलं नाही तर घाईनं पुढचा प्रश्न विचारू नका.

ग्वातेमालातल्या रिगोबेर्ता मेंचूचं पुस्तक १९८३ ला आलं. किचे माया बाई, १९५९ चा जन्म. बाप बिसेन्ते, १९८० च्या ३१ जानेवारीला स्पॅनिश वकिलातीत शिरलेल्या शेतकऱ्यांबरोबर जळून मेला. मोठी झाल्यावर ती स्पॅनिश शिकली आणि पॅरिसमध्ये टेपरेकॉर्डरपुढं बसून सगळं सांगितलं. पुस्तकाच्या मूळ नावात पहिले दोन शब्द कुठले? मे यामो. पहिल्या धड्यातले! आपल्याकडं दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, म्हणजे हाच काळ. इंग्रजी भाषांतरवाल्यांनी ते मे यामो उडवलं आणि नुसतं 'आय' ठेवलं. त्यांना वाटलं एकच आहे. १९९२ ला तिला शांततेचं नोबेल मिळालं. १९९९ ला डेव्हिड स्टॉल या अमेरिकन संशोधकानं तिच्या हकिकतीतल्या काही तपशिलांवर बोट ठेवलं आणि जगभर गलका झाला, बाई खोटं बोलली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला : दोन लाखांवर माणसं मेली किंवा नाहीशी झाली, ओळख पटलेल्या बळींमध्ये शंभरातली ८३ माया, आणि अत्याचारांपैकी ९३ टक्के सरकारी फौजांचे आणि त्यांच्या हस्तकांचे. साक्षीदार बाईची उलटतपासणी आजही चालू आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. आपेयीदो या शब्दाचा जुना अर्थ आडनाव नव्हे. मध्ययुगात आपेयीदो म्हणजे लढाईला गोळा व्हा म्हणून दिलेली आरोळी. आपेयीदार म्हणजे आरोळी ठोकून माणसं जमवणं. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, परीक्षेत येणार नाही.

परीक्षा तोंडी होती. मॅडम टेबलापलीकडं, हातात यादी. कोमो से यामा उस्तेद? मे यामो म्हणून मी माझं नाव सांगितलं. आपेयीदोस? मी बापाचं सांगितलं, आईचं सांगितलं. त्यांनी यादीत पाहिलं, तिथं एकच होतं.

"दुसरं पण लिहू?" त्यांनी मराठीत विचारलं.

"लिहा."

त्यांना स्पेलिंग जमेना. मी एकेक अक्षर सांगत गेलो.